जुळलं तरी थांब

९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तू चाळिशीला टेकलीस तरी माझ्या लेखी धाकटीच. पाकीट बघून घाबरू नकोस. फोनवर मी आता फक्त ऐकू शकते, आणि तू बोलायला लागलीस की तसंही माझ्या वाट्याला ऐकणंच येतं. मेसेज लिहायचा मला कंटाळा. एका बोटाने टकटक करत बसलं की सांगायचं ते निम्मं वाटेतच सांडतं. अक्षर मात्र अजून शाबूत आहे, तेव्हा यापुढे पोस्टमनची वाट बघायची सवय कर.

ऑपरेशनला आज सव्वीस दिवस झाले. गाठ गेली, तिच्याबरोबर स्वरयंत्रही गेलं. गळ्याला पुढून भोक आहे, श्वास तिथून चालतो, त्यावर कापडाची एक चकती. वास अजिबात येत नाही. परवा दूध करपून भांडं काळं ठिक्कर झालं, आणि मी दोन हातांवर पेपर वाचत बसले होते. शेजारीण धावत आली तेव्हा कळलं. सगळ्यात चमत्कारिक म्हणजे चहावर फुंकर घालता येत नाही. तोंडाचा चंबू करते आणि वारा गळ्यातून निघतो. वीस वर्षं पोरांना पाण्यात श्वास कसा सोडायचा ते शिकवलं, आता तलावाच्या काठाशी जायलाही डॉक्टरांची बंदी आहे.

रडगाणं पुरे. चांगली गोष्ट अशी की जायच्या आधी मी माझा आवाज तुझ्या दादाकडे ठेवून गेले. त्याच्या हॉस्पिटलातला तो आवाज विभाग तू पाहिलायस ना, काचेची खोली आणि भिंतींना गाद्या ठोकलेल्या? तिथे तीन आठवडे, रोज दोन तास, सोळाशे वाक्यं वाचली. आता मार्चअखेर मला एक पाटीएवढं यंत्र मिळणार. मी टाइप करायचं आणि ते माझ्या आवाजात बोलायचं. माझ्या, म्हणजे अगदी माझ्याच. तोवर गळ्याला टेकवायचं एक भुणभुण यंत्र दिलंय. त्याच्यातून मी भिंतीला भोक पाडायच्या मशीनसारखी बोलते, म्हणून ते कपाटात ठेवलंय.

वाक्यं छापील होती. 'पिवळी बस वेळेवर सुटली.' 'माझ्या मावशीला उंच जिने आवडत नाहीत.' मी म्हटलं, असलं मी जन्मात कधी बोलणार नाही, मला माझी वाक्यं घालू द्या. मग घातली. 'ओला टॉवेल गादीवर टाकू नये हे किती वेळा सांगायचं?' काचेपलीकडे तुझा दादा बसला होता, तो इतका हसला की ते वाक्य पुन्हा घ्यावं लागलं.

खरं तर माझा नंबर डिसेंबरच्या सुरुवातीलाच लागला होता. त्यानेच थांबवलं. नवा संगणक येतोय, त्यावर आवाज स्वच्छ येतो, तुझा आवाज त्या जुन्या डबड्यात कशाला, म्हणाला. थांबले. नवऱ्याने एवढ्या वर्षांत माझ्या आवाजाचं केलेलं हे पहिलं कौतुक.

आता घरात चिठ्ठ्यांचा कारभार आहे. मी लिहिते, तो वाचतो आणि उत्तर मात्र ओरडून देतो, जसे माझे कानच गेलेत. येईल त्याला तुझं ते पान दाखवत सुटलाय. 'माझ्या बहिणीने लिहिलंय, यंत्रांनी वाचायचं पान.' ते नक्की आहे तरी काय? त्याने समजावलं, पण तो समजावायला लागला की होतं तेवढंही समजेनासं होतं.

तुझी वहिनी


१८ फेब्रुवारी

ती. वहिनीस,

शिरसाष्टांग. पत्र वाचून हसले आणि शेवटी रडलेही, दोन्हीची तक्रार तुझ्याकडेच. मार्चअखेर फोन करीन तेव्हा पहिलं वाक्य टॉवेलचंच ऐकवायचं, सांगून ठेवते.

पानाचं सांगते. हॉस्पिटलात साठ-सत्तर संगणक, बाहेरून सगळे एका साच्यातले. कुठला रक्ततपासणीचा, कुठला तुमच्या आवाजांचा, हे दूर बसून कसं कळणार? म्हणून दादाने एक छोटीशी कमांड लिहिली. काळ्या पडद्यावर तेवढा एक शब्द टाइप करायचा आणि संगणक स्वतःची ओळख सांगतो, नाव आणि एक लांबलचक आकडा. तिचं नाव दादाने ठेवलंय 'कोण'. झालं, एवढंच. दारावर टकटक केल्यावर आतून विचारतात तसं, फक्त इथे बाहेरच्याने आतल्याला विचारायचं.

आता हॉस्पिटलाने साफसफाई, नोंदी, दुरुस्ती असली कामं करायला एआय एजंट घेतलेत. माणसं नव्हेत, प्रोग्रॅमच, पण सांगितलेलं काम आपल्या बुद्धीने करणारे. त्यांनाही 'कोण' वापरता यायला हवी, म्हणून त्यांच्यासाठी माहितीचं पान लागतं. माणूस पुस्तिका वाचत नाही, हे मी पंधरा वर्षं धुलाईयंत्रांच्या पुस्तिका लिहून शिकले आहे. हे एजंट मात्र अक्षर न् अक्षर वाचतात आणि लिहिलंय तेवढंच करतात. असा वाचक मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला!

दादाने कच्चं लिहून पाठवलं होतं. बाई गं, काय ते चऱ्हाट! त्याचं लिहिणं त्याच्या कुलूप लावण्यासारखंच आहे. लावलं, ओढलं, दोन पायऱ्या उतरला, पुन्हा येऊन ओढलं. मी कात्री लावली आणि चार ओळींवर आणलं. कामाआधी 'कोण' चालव. उत्तर यादीशी ताडून बघ. जुळलं तर काम कर. नाही जुळलं तर थांब आणि माणसाला विचार. आमच्या ऑफिसातल्या साहेबांना ते इतकं आवडलं की सगळ्या विभागांत नमुना म्हणून फिरवलं, आणि मला बढती मिळतेय. दादाला सांग. नाहीतर नको, मीच सांगेन.

गळ्याची चकती ओली ठेवायची असते असं वाचलं, ठेवतेस ना?

तुझी धाकटी


११ मार्च

धाकटे,

आशीर्वाद.

माझा आवाज पुसला गेला.

हे वाक्य मी चार दिवस लिहायचं टाळत होते. आता लिहिलं. कागदावर तर किती लहान दिसतं.

झालं ते जसं कळलं तसं सांगते. जुना संगणक भंगारात जायचा होता. देण्याआधी पुसायचा, कारण पेशंटांची माहिती बाहेर जाता कामा नये. ते काम एजंटकडे होतं. दुपारची जेवणाची सुट्टी, विभागात कुणी नाही. नव्या संगणकाला जुन्याचाच पत्ता दिलेला होता, बाकीच्यांचं काम अडू नये म्हणून. एजंट त्या पत्त्यावर गेला. तिथे बसला होता नवा. त्याने 'कोण' विचारलं. नव्याने जुन्याचं नाव सांगितलं.

का सांगितलं, तर तुझ्या दादाने नवा संगणक लावताना जुन्याची डिस्क जशीच्या तशी त्यात उतरवली होती. सगळं आलं, त्याबरोबर ओळखसुद्धा आली. दोघं एकच नाव सांगणारे. यादीशी जुळलं, म्हणून त्याने पुसलं. चार मिनिटं लागली. वर अहवाल लिहिला, 'काम पूर्ण. यंत्राची ओळख पटवून घेतली होती.'

दुसरीकडे प्रत असेल, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं. रोज संध्याकाळी प्रत निघत होतीच, पण ती निघत होती जुन्याची. ओळख एकच, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. जुन्यांचे आवाज सगळे सुखरूप आहेत. नवा आल्यानंतर ज्यांनी आवाज ठेवले त्या नऊ जणांचे तेवढे गेले. मी तिसरी.

डिसेंबरच्या सुरुवातीला गेले असते तर मी जुन्यात असते. त्याने थांबवलं.

आणि त्याने मला सांगितलंही नाही. पाच दिवस घरी आला, जेवला, माझ्या चिठ्ठ्यांना उत्तरं दिली. 'यंत्र कधी येणार?' असं मी लिहिलं, त्याला 'येईल, येईल' म्हणाला. मला कळलं तपासणीच्या रांगेत. माझ्यासारखाच एक बसड्रायव्हर आहे, तोही त्या नऊ जणांतला. त्याने पाटीवर लिहून दाखवलं, 'आपले आवाज पुसले गेले. तुम्हाला घरी सांगितलं नाही?' मी मान हलवली. त्याने पाटी पुसली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

घरी येऊन विचारलं. म्हणाला, 'माझी चूक आहे.' मूग गिळून बसलाय. तू यातलं जाणतेस. मला सरळ सांग, चूक नक्की कुणाची? चुकून झालं असेल तर मी गिळेन. डोंगराएवढं आहे, तरी गिळेन. पण चुकून झालं का, ते मला कळायला हवं.

वहिनी


२४ मार्च

ती. वहिनीस,

काय लिहू सुचत नाही. आठ दिवस कागद समोर ठेवून उठते आहे.

अशा गोष्टीत एका माणसाकडे बोट दाखवणं कठीण असतं गं. पत्ता, डिस्क, प्रत, यादी, दहा धागे. कुठला आधी तुटला ते कोण सांगणार? दादा रात्रंदिवस राबणारा माणूस आहे, मुद्दाम करणारा नाही, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. त्याला बोलू नकोस. निदान आत्ता नको.

पुसलेलं परत काढून देणाऱ्या कंपन्या असतात. एकीचा पत्ता सोबत जोडला आहे, दादालाही पाठवला. आशा सोडू नकोस.

दुसरं म्हणजे मी सगळे जुने फोन उघडून बसले. तुझा आवाज कुठे सापडतो का ते बघायला. आपण तासन्तास बोललो, पण ठेवलं कुणी? सापडली ती एकच गोष्ट. तू मला कधीतरी निरोप ठेवलेला, नऊ सेकंदांचा. 'हॅलो? हॅलो? येतंय का ऐकू? जाऊ दे, पत्रच लिहीन.' मी तो तुमच्या विभागात पाठवला. त्यांनी कळवलं की निदान काही तासांचा आवाज लागतो, नऊ सेकंदांत काही होत नाही.

तब्येतीला जप. बढतीचं विचारलं होतंस का? झाली. आनंद नाही झाला.

धाकटी


१६ एप्रिल

धाकटे,

तू दिलेल्या कंपनीचं उत्तर आलं. काही निघणार नाही. त्या एजंटने नुसतं पुसलं नाही, वरून शून्यं लिहिली, तीन वेळा. तसंच करायला सांगितलं होतं त्याला. आज्ञाधारक आहे बिचारा.

काल चौकशी होती. आम्हा नऊ जणांना बोलावलं होतं. एका रांगेत खुर्च्या, नऊ माणसं गळ्यात चकत्या लावून बसलेली, आणि टेबलामागून साहेब दर दहा मिनिटांनी विचारत होते, 'कुणाला काही बोलायचं आहे का?' बसड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता. मलाही हसू आलं. आमचं हसू आता कुणाला ऐकू जात नाही, ते एक बरं आहे.

मग तुझ्या दादाला उभं केलं. साहेबांच्या हातात दोन कागद होते. एक तुझं चार ओळींचं पान. दुसरा दादाचा कच्चा खर्डा. त्यांनी खर्ड्यातली एक ओळ वाचून दाखवली. 'जुळलं तरी थांब. एकाची नक्कल करून दुसरं यंत्र लावलं असेल तर दोघं सारखंच उत्तर देतात. यंत्राच्या पत्र्यावर कोरलेला आकडा माणसाला विचार, मगच हात लाव.' म्हणाले, ही ओळ पानात का नाही? आणि तुझा दादा म्हणाला, 'मीच काढायला लावली. लांबण लागत होती.'

ऐकलंस? त्याला माहीत होतं. असं होऊ शकतं हे त्याला आधीपासून माहीत होतं, त्याने ते लिहून ठेवलं होतं, आणि लांबण लागते म्हणून काढायला लावलं. ताक फुंकून पिणारा माणूस, नेमका माझ्या वेळी कंटाळला! चूक मी गिळली असती. ही चूक नव्हे. आधी मला थांबवलं, मग ओळ काढायला लावली, मग पाच दिवस तोंडाला कुलूप. आणखी काय करायचं बाकी ठेवलं?

त्याला नोकरीवरून काढलं. मला वाईट वाटलं नाही, हे तुला लिहिते कारण आणखी कुणाला सांगणार.

काल संध्याकाळपासून मी त्याला चिठ्ठी देणं बंद केलंय. माझ्याकडे बोलण्यासारखं तेवढंच उरलंय आणि ते मी त्याला देणार नाही. स्वयंपाक करते, ताट ठेवते, उठून जाते. तो ताटाकडे बघत बसतो.

एक विचारते. ओळ काढ असं त्याने तुला सांगितलं तेव्हा तू त्याला अडवलं नाहीस का गं? तू तर एवढी शहाणी. की त्याने कारणच दिलं नाही?

वहिनी


३० एप्रिल

ती. वहिनीस,

इतकी कठोर होऊ नकोस. दादा तसा नाही. साहेबांपुढे माणूस गोंधळून काहीही बोलतो. तू त्याला एकदा तरी चिठ्ठी दे. काही लिहू नकोस हवं तर, नुसतं 'जेव' लिही.

मला इथे कामाचा डोंगर आहे. सविस्तर पुढच्या खेपेला लिहिते.

धाकटी


२१ मे

धाकटे,

तुझी पत्रं हल्ली गोल गोल येतात. मी एक विचारते, तू दुसरंच सांगतेस. भावाची बाजू घेणार, घे. रक्ताचं नातं आहे, मी कोण? बाहेरून आलेली.

मी 'जेव' लिहिलं नाही.

त्याला काम मिळालंय. कुठल्याशा खाणीवर, तिथले संगणक सांभाळायचे. आगगाडीने दोन दिवसांचा रस्ता, करार दोन वर्षांचा. इथे आता त्याला कुणी उभं करत नाही. 'आवाज पुसणारा' म्हणतात त्याला, पोरंसुद्धा. बावीस जूनला निघणार. मला सांगितलं तेव्हा दाराशी उभा होता. म्हणाला, 'तू नको म्हणालीस तर जाणार नाही.' मी वही उघडली नाही. तो सायकलला तेल घालायला खाली गेला.

खरं सांगू? नको म्हणायचं माझ्या मनात होतं. पण 'मीच काढायला लावली' हे त्याचं वाक्य कानात बसलंय. ते निघालं तर मी वही उघडीन. ते निघत नाही.

वहिनी


२ जून

ती. वहिनीस,

शिरसाष्टांग. तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. इकडे उकाडा फार आहे. दुपारी ऑफिसातले पंखे बंद पडतात आणि आम्ही सगळे जिन्यात येऊन बसतो. शेजारच्या टेबलावरची निवृत्त झाली, तिच्या जागी नवी आली आहे, ती दिवसभर कानात बोंडं घालून बसते. गेल्या आठवड्यात मी दात काढून घेतला, एक गाल अजून सुजलेला आहे. घराला रंग द्यायचा म्हणत होते, तो पुढे ढकलला.

तुझ्या गळ्याची खपली धरली का? चकत्या तिकडे नीट मिळतात का? इथे एक दुकान आहे, त्यांच्याकडे सुती आणि धुता येणाऱ्या आहेत. मापं कळव, पाठवते. तू म्हणतेस माझी पत्रं गोल असतात. असतील. मला सरळ लिहिता येत नाही असं नाही, पंधरा वर्षं तेच करून पोट भरते आहे. पण काही गोष्टी लिहायला घेतल्या की हात दुसरीकडेच जातो. बघ, हे पानही असंच भरलं.

पान उलट.

ती ओळ मी काढली.

दादाने काढायला सांगितली नाही. मी त्याला विचारलंही नाही. मला वाटलं, हे त्याचं नेहमीचं, कुलूप लावून पुन्हा ओढणं. जुळलं तर जुळलं, त्यावर आणखी काय थांबायचं? ओळ वाचली, 'काय हा दादा' म्हणून हसले आणि रेघ मारली. दुसऱ्या कुणाचा खर्डा असता तर मी निदान फोन करून विचारलं असतं, ही ओळ कशाला. दादाचा होता म्हणून विचारलं नाही. पान पक्कं करायला त्याला पाठवलं तेव्हा तू ऑपरेशनच्या टेबलावर होतीस. त्याने बाहेरच्या बाकावर बसून फोनवर 'ठीक' एवढंच लिहिलं. त्याने ते वाचलं नव्हतं. बहिणीने लिहिलंय म्हणून वाचलं नव्हतं.

ज्या दिवशी पुसलं गेलं त्याच दिवशी त्याचा मला फोन आला. मी विचारायच्या आत म्हणाला, 'तू गप्प बसायचं. तिला आता बोलायला तू एकटीच आहेस, पानंच्या पानं तुलाच लिहिते. माझ्यावर रागावली तर मी समोर आहे, आज ना उद्या निवळेल. तुझ्यावर रागावली तर लिहायचं कुणाला?' मी म्हटलं, बरं. वहिनी, मी इतक्या लवकर बरं म्हटलं की मला त्याची लाज वाटते. मला सुटल्यासारखं झालं होतं.

तू 'सरळ सांग' लिहिलंस तेव्हा सांगायला हवं होतं. चौकशीनंतर सांगायला हवं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी होताना मी बढतीचे पेढे वाटले. आता तो चालला आहे. त्याला थांबव. मला काय बोलायचं ते बोल, आयुष्यभर बोल, पण त्याला थांबव.

धाकटी

१८ जून. हे पत्र सोळा दिवस माझ्या पिशवीत होतं. रोज ऑफिसला जाताना पेटीसमोर थांबायची आणि पुढे जायची. आज टाकते. वेळेत पोचेल.


२३ जून

धाकटे,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. पावणेदोन वाजता. टॅक्सी दोनला सांगितली होती.

तो सामान खाली नेत होता. चौथा मजला, लिफ्ट बंद, तीन खेपा झाल्या. मी ओट्याशी उभी राहून पाकीट फोडलं. तुझे पंखे वाचले, तुझा दात वाचला. तेवढ्यात तो शेवटची पिशवी घ्यायला वर आला. दारात उभा राहिला. म्हणाला, 'येतो.' मी मान वर केली नाही. तुझ्या घराचा रंग वाचत होते. तो जरा थांबला असावा, कारण पायऱ्यांवर पावलं वाजायला वेळ लागला.

मग मी पान उलटलं.

तुला माफ केलं का, ते विचारू नकोस. मला माहीत नाही. तुझ्यापेक्षा जास्त राग मला माझा येतो. बावीस वर्षं मी त्या माणसाबरोबर राहिले. गॅस बंद आहे का ते बघायला जो अंथरुणातून दोनदा उठतो, तो लांबण लागते म्हणून असली ओळ काढायला सांगेल? मला तेव्हाच कळायला हवं होतं. तो खोटं बोलत होता आणि मला ते पटलं, कारण रागवायला कुणीतरी समोर हवं होतं.

संध्याकाळी त्याला फोनवर सगळं लिहिलं. तुझं पत्र आलं, मला कळलं, परत ये. दोन तासांनी उत्तर आलं. 'असू दे. करारावर सही केली आहे. तू वही नाही उघडलीस तेव्हाच मी मनाने गेलो. औषधं वेळेवर घे.' त्यानंतर मी आणखी चार वेळा लिहिलं. ते त्याने वाचलं, पण उत्तर नाही दिलं.

तू विचारशील, धावत खाली का नाही गेलीस. चार मजले उतरण्याइतका दम या भोकातून भरत नाही. ते भुणभुण यंत्र कपाटात होतं, आणि हातात असतं तरी रस्त्यापर्यंत पोचलं नसतं. मी गॅलरीत गेले. समोरच्या इमारतीत फरशी कापायचं काम चाललं होतं. टाळ्या वाजवल्या. कठडा बडवला. फरशीवाल्यांतल्या एकाने तेवढं वर बघितलं.

तो खाली टॅक्सीच्या दाराशी उभा होता, पाठमोरा. चालकाला काहीतरी सांगत होता. निळा शर्ट घातला होता, पाठीवर घामाचा डाग. मी छाती भरून घेतली आणि त्याला हाक मारली. गळ्यावरची चकती सुटून खाली गेली, इतक्या जोराने मारली. तो आत बसला, दार लागलं. मी पुन्हा मारली. टॅक्सी कोपऱ्यावरून वळली, दिसेनाशी झाली, तरी मी मारतच होते.

वहिनी